मिनारूकचा अठरावा गडी

पहिल्या पंधरा मिनिटांत ग्लेंडाच्या हातातले दोन्ही झेंडे पाच वेळा वर गेले, आणि पाचही वेळा डनफील्डसाठी.

इकडच्या अठरा-अठरा गड्यांच्या, हातापायांनी खेळायच्या फुटबॉलमध्ये गोलपंचाचं काम तसं सोपं. मैदानाच्या टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथाडलेला चेंडू गेला की सहा गुण आणि दोन झेंडे, बाजूच्या फटीतून गेला किंवा वाटेत कुणाच्या हाताला लागला की एक गुण आणि एक झेंडा. बाकीचा वेळ पांढरा कोट घालून खांबांमागे उभं राहायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. गावोगावच्या दुय्यम संघांच्या सामन्याला बाहेरचे गोलपंच कोण पाठवणार, म्हणून प्रत्येक गाव आपला एकेक माणूस देतं. दक्षिणेकडचे खांब अकरा वर्षं ग्लेंडाकडे होते. तिच्या तोंडाकडे बघून ती मिनारूकची की डनफील्डची हे परक्याला सांगता येत नसे, अशी तिची ख्याती होती. आत काय चालायचं ते वेगळं. आतल्या आत ती मिनारूकच्या पोरांना असल्या शिव्या घालायची, की तिच्या आईनं ऐकल्या असत्या तर म्हातारी तोंड धुवायला साबण घेऊन मागे लागली असती.

आणि का घालू नयेत? नऊ सामने झाले होते, नऊच्या नऊ हरले होते. त्यातला एक तर शंभरावर गुणांनी. जुलैचा, ऐन हिवाळ्यातला वारा मैदानावरून आडवा येत होता, कुंपणाला नाकं लावून उभ्या असलेल्या गाड्यांत लोक काचा वर करून बसले होते, आणि हॉर्न वाजत होते ते सगळे डनफील्डकडच्या बाजूने.

खांबांच्या पुढे दहा पावलांवर तिचा नवरा उभा होता. नेव्हिल टूमी, वय एकोणपन्नास, पाठीवर चव्वेचाळीस नंबर. सहा वर्षांपूर्वी त्याने खेळ सोडून बूट टांगले होते. पण गुरुवारी सरावाला सतराच डोकी जमली आणि कोच हॅनरहनने फोन केला. फोन ग्लेंडानेच उचलला. "येईल की," ती म्हणाली, "नाहीतरी दर शनिवारी कुंपणाबाहेरून अक्कल शिकवतो. जरा आत जाऊन दाखवू दे." नेव्ह समोर चहा पीत बसला होता. तो नको नको म्हणत हात हलवू लागला, तर ती फोनवर हात ठेवून म्हणाली, "का? घाबरलास?"

मग तो कप खाली ठेवून बूट शोधायला उठला होता.

आज अडवायला त्याच्या वाट्याला डनफील्डचा जॅरड आला होता. बावीस वर्षांचा, दाराच्या चौकटीएवढा, आणि तोंडाची टकळी चालूच.

"आजोबा, चष्मा आणलाय ना?"

"आणलाय. पण तुझं तोंड बघावं लागेल म्हणून घातला नाही," नेव्ह म्हणाला.

गोलपंचाने खेळाडूंशी बोलायचं नसतं. ग्लेंडा बोलली नाही. फक्त चारांपैकी पहिला क्वार्टर संपल्याचा भोंगा झाल्यावर, बाजू बदलून पलीकडच्या टोकाला जाण्याआधी, नेव्हच तिच्याजवळ आला. कुंपणावर टाकलेला स्वतःचा जाड कोट त्याने तिच्याकडे फेकला. "ओठ निळे पडलेत तुझे. त्या पांढऱ्याच्या आत घाल हा." एवढं बोलून तो धिम्या चालीने निघाला. गुणफलकावर बत्तीस विरुद्ध नऊ.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये ग्लेंडाला कामच नव्हतं. आता तिच्या बाजूला गोल करायचा होता मिनारूकने, म्हणजे चेंडू इकडे यायची शक्यता गाढवाला शिंगं फुटण्याएवढीच. सगळा खेळ पलीकडच्या टोकाला, दीडशे मीटरवर अडकून पडला होता. तिथून माणसं मुंगळ्यांसारखी दिसत. तिने नेव्हच्या कोटाची बटणं लावली, वरून पांढरा चढवला, आणि घशात खवखवत होतं म्हणून गोळी आहे का ते बघायला त्याच्या खिशात हात घातला.

गोळी नव्हती. चार घड्या घातलेला कागद होता.

डॉक्टरच्या दवाखान्याचं पत्र. मोठ्या गावच्या इस्पितळातल्या हृदयविभागाला लिहिलेलं, बुधवारच्या तारखेचं. बुधवारी तो पंपाचे सुटे भाग आणायला म्हणून गेला होता आणि भाग मिळाले नाहीत म्हणत हात हलवत परत आला होता. तिने पहिली ओळ वाचली, मग घाईने खालची, मग पुन्हा पहिली. श्रम करताना छातीत दोनदा कळ. डावा हात जड. वडील त्रेपन्नाव्या वर्षी याच आजाराने गेले. मंगळवारी तातडीने तपासणी. आणि शेवटी, पेनने खाली रेघ मारून: तोवर कसलेही कष्टाचे काम करू नये, हे रुग्णास स्पष्ट सांगितले आहे.

ग्लेंडाने मान वर केली. पलीकडच्या टोकाला चार-पाच मुंगळे एकावर एक पडले होते. त्यातला चव्वेचाळीस नंबरचा कोणता ते कळेना.

तिचे पाय आपसूक दोन पावलं पुढे गेले आणि रेषेपाशी थांबले. जागा सोडता येत नव्हती. सोडली आणि नेमका तेव्हाच चेंडू इकडे आला तर? पण चेंडू येतोय कुठला. अकरा वर्षांत तिने मनातल्या मनात 'पुढे मारा रे, पुढे मारा' इतक्या वेळा म्हटलं असेल की त्याला काही अर्थच उरला नव्हता. आता ती तेच म्हणत होती, ओठ हलवून, ख्रिसमसशिवाय चर्चची पायरी न चढणारी बाई. इकडे आणा. गोल नको, काही नको, मेल्यांनो, चेंडू फक्त त्याच्यापासून लांब आणा. कुणीतरी चेंडू हातात घेतला, वळला, आणि सरळ डनफील्डच्या माणसाच्या छातीवर मारला. तिकडे हॉर्न वाजले. ढीग सुटला. एक मुंगळा बाकीच्यांपेक्षा उशिरा उठला.

तिने त्यालाच धरून ठेवलं डोळ्यांत. तो वाकून गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. दमलेला कुठलाही माणूस तसाच उभा राहतो. पण शुक्रवारी सकाळी हाच माणूस बारा मीटर उंचीवर पवनचक्कीचं पातं बदलत होता आणि ही खाली शिडी धरून उभी होती, 'लवकर आटप, मला केस कापायला जायचंय' म्हणत. वर असतानाच कळ आली असती तर?

मध्यंतराचा भोंगा होईपर्यंतची अकरा मिनिटं तिने कशी काढली ते तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही.

खेळाडूंच्या खोलीच्या दाराशी डॉट बसली होती. सत्तरीची डॉट संघाची मालीश करणारी, पट्ट्या बांधणारी, आणि दारावरची चौकीदारही. "आत कोच तापलाय," ती म्हणाली. "एकसष्ट विरुद्ध नऊ. तू नको जाऊस, झेंडे वर केलेस म्हणून तुलाच बोलेल."

"नेव्हला बाहेर पाठव."

डॉटने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता आत गेली.

तो पाण्याच्या टाकीमागे आला, मानेवर टॉवेल टाकून. चेहरा लाल होता. लाल म्हणजे बरा की वाईट हे ग्लेंडाला ठाऊक नव्हतं. तिने कागद पुढे धरला.

त्याने वाचला नाही. "माझ्या खिशात हात कुणी घालायला सांगितला होता?"

"कोट तूच दिलास."

"हो. तेही खरंच."

"दोनदा कळ आली असं लिहिलंय."

"दीड वेळा. दुसरी अर्धीच होती."

"नेव्ह, चेष्टा करू नकोस."

"मंगळवारी तपासणी आहेच. आज शनिवार. मधे दोन दिवसांत काय आकाश कोसळणार आहे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर अशी बघत बसली असतीस."

"कशी?"

"आत्ता बघतेयस तशी." त्याने टॉवेलने तोंड पुसलं. "आणि कामावरचं ते उंच चढायचं प्रमाणपत्र. एकदा का डॉक्टरचा कागद कंपनीत गेला की मला खाली उभं करून नटबोल्ट मोजायला लावतील."

"मोज मग नटबोल्ट. घरी चल."

"सतरा राहतील."

"राहू देत सतरा. एरवी अठरा असून काय दिवे लावतायत?"

तो जरासा हसला, आणि मग हसू विझलं. "गुरुवारी फोनवर 'येईल की' कोण म्हणालं? मी होतो का तो?"

ग्लेंडाने वाद घालायला तोंड उघडलं, तर मनात आलं, वादानेच कळ आली तर? आवाज चढला, त्याचंही रक्त चढलं, आणि इथेच, टाकीमागे, डांबरावर... ती टाकीला टेकून उभी राहिली. तिला तशी बघून तोच नरमला.

"हे बघ. एक क्वार्टर. तुझ्याच टोकाला, तुझ्या नाकासमोर. तिसऱ्याच्या शेवटी पायात गोळा आला म्हणतो आणि बसतो. कुणाला काही सांगायला नको, कुणाला काही कळायला नको. चालेल?"

चालणार नव्हतं. तिला ते त्याच क्षणी कळत होतं. पण त्याने विचारलं तेव्हा त्याचा आवाज तिने सत्तावीस वर्षांच्या संसारात तीन-चार वेळाच ऐकला होता तसा होता, आणि तिने मान हलवली. त्याने कागद तिच्या हातातून घेतला, पायमोज्यात खुपसला आणि आत गेला.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये तो खरंच तिच्या नाकासमोर होता. दहा पावलांवर. ते दीडशे मीटरपेक्षा वाईट निघालं.

आता तिला सगळं दिसत होतं. थंडीत तोंडातून निघणारी वाफ दिसत होती. जॅरडच्या तोंडातून एक वाफ निघायची तेवढ्यात नेव्हच्या तोंडातून तीन. ती मोजू लागली, मग मोजायची थांबली, मग पुन्हा मोजू लागली. डावा हात तो मधूनमधून झटकत होता. चेंडू मैदानाच्या मधोमध गेला की तिला श्वास घेता यायचा, आणि मधली रेषा ओलांडून इकडे निघाला की तिची बोटं झेंड्याच्या काठीवर पांढरी पडायची. मिनारूकची पोरं चेंडू थोपवतील असा विश्वास तिला कधीच नव्हता. आज त्या पोरांचा तिला जो राग आला तो आजवर कुठल्याही पराभवात आला नव्हता. तो लालकेश्या तिकडे बुटाची नाडी बांधत बसला होता. हॅनरहनचा पुतण्या चेंडूपासून अंग चोरत होता. अरे, चेंडू काही चावत नाही. तुम्ही सतरा जण जो चेंडू सोडता तो इथे एका माणसाच्या छातीवर येऊन पडतो.

एक गोल झाला. तिने दोन्ही झेंडे वर केले. मग एक गुण. मग आणखी एक गोल.

"माझे आठ झाले, आजोबा," जॅरड म्हणाला. "दहा झाले की क्लबात मला फुकट जेवण आहे. जरा मदत करा."

नेव्हने उत्तर दिलं नाही.

खेळ सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दिलं नाही. जॅरडनेही वळून त्याच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात मधून कुणीतरी लांब, उंच लाथ मारली आणि चेंडू वाऱ्यावर बसून आला. नेव्ह उलट्या पावलांनी धावला, तोंड वर करून. जॅरड समोरून. दोघं हवेत एकमेकांवर आदळले, चेंडू दोघांच्याही हातांतून निसटला, जमिनीवर वेडावाकडा उसळला. जॅरडने पडता पडता त्याला बुटाचं टोक लावलं. नेव्हने आडवं होऊन हात लांब केला. चेंडू मधल्या दोन खांबांतून ग्लेंडाच्या पायाशी येऊन थांबला.

जॅरड उठला. नेव्ह उठला नाही. तो गुडघ्यांवर होता, कपाळ गवतापाशी, उजवी मूठ बरगडीखाली दाबलेली. तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मुख्य पंच धावत आला आणि त्याने हात करून तिला खूण दिली. सगळं नियमात, आता तू सांग. कुंपणाच्या कडेने दोनशे माणसं आणि साठ गाड्या तिच्या हातांकडे बघत होत्या.

ग्लेंडाने दोन्ही झेंडे गवतावर ठेवले.

फेकले नाहीत. वाकून, एकावर एक, नीट ठेवले. आणि रेषा ओलांडून मैदानात आली. अकरा वर्षांत तिने खेळ चालू असताना ती रेषा कधी ओलांडली नव्हती.

"ग्लेंडा," पंच म्हणाला. पोरगेलासा होता, शाळेत गणित शिकवायचा. "गोल की एक?"

"तो आधी बाहेर जाईल."

"ते ठरवणारा मी कोण? त्यांचा कोच ठरवेल. तुम्ही गोल सांगा, म्हणजे मला खेळ..."

"तो बाहेर जाईपर्यंत मी काही सांगणार नाही. खेळ थांबलाय, थांबू दे."

आता हॉर्न सुरू झाले. दोन्हीकडून. कुणीतरी काच खाली करून ओरडलं, "बाई झोपली का?" मिनारूकच्याच बाजूने ओरडलं. आवाज तिच्या ओळखीचा होता, टपाल वाटणाऱ्या माणसाचा.

नेव्हने मान वर केली. चेहरा आता लाल नव्हता. भिजलेल्या राखेसारखा दिसत होता. "झेंडे उचल," तो दातांतून म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत."

"ग्लेंडा. तू कबूल केलंयस."

"केलं होतं. चुकलं माझं." हॅनरहन धापा टाकत आला, मागून पिशवी सांभाळत डॉट. ग्लेंडा वळली आणि मोठ्याने, कोचला, पंचाला, जॅरडला, आजूबाजूला जमलेल्या सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "याच्या हृदयाला त्रास आहे. डॉक्टरने हलायचं नाही म्हणून लिहून दिलंय. कागद त्याच्या उजव्या मोज्यात आहे. वाचायचा असेल त्याने वाचावा."

कुणी वाचला नाही. हॅनरहनने टोपी काढली आणि पुन्हा घातली. त्याने नेव्हकडे बघितलं आणि नेव्हने नजर चुकवली, तेवढं त्याला पुरलं. "जा, गड्या," तो म्हणाला.

"मला धडक द्यायची नव्हती," जॅरड म्हणाला. त्याचा आवाज अचानक बारका झाला होता. "मला माहीत नव्हतं, काकू. शपथ." आणि मग तोच वाकला आणि नेव्हच्या काखेत हात घालून त्याला उठवू लागला, अंडी भरलेली टोपली उचलावी तसा. नेव्हने त्याला ढकललं नाही. ग्लेंडा त्या गोष्टीलाच जास्त भ्यायली. धडधाकट नेव्हने ढकललं असतं.

ते कुंपणापर्यंत पोचल्यावर पंच पुन्हा तिच्याजवळ आला. "माफ करा, पण..."

"गोल," ग्लेंडा म्हणाली. ती परत गेली, झेंडे उचलले, दोन्ही वर केले, पलीकडच्या टोकाच्या गोलपंचाने उत्तरादाखल झेंडे हलवेपर्यंत थांबली. मग पांढरा कोट काढून जवळच्या खांबावर अडकवला आणि धावत सुटली.

डॉटने तोवर फोन लावला होता. रुग्णवाहिका दुसरीकडे, उलट दिशेला गेलेली. यायला पाऊण तास लागेल. "तुम्हीच निघा म्हणतात, इस्पितळात कळवून ठेवतात," डॉट म्हणाली. तिने नेव्हला ॲस्पिरिन चावायला लावली होती आणि क्लबच्या भिंतीवरचं, हृदयाला झटका देणारं यंत्र काढून आणलं होतं. ते तसं कधी भिंतीवरून उतरलं नव्हतं. वर धूळ होती. डॉट ती पेटी मांडीवर घेऊन ग्लेंडाच्या गाडीत मागच्या सीटवर बसली, आणि आरशात ग्लेंडाला रस्त्याऐवजी ती पेटीच दिसू लागली.

अडतीस किलोमीटर, सरळ रस्ता. दोन्हीकडे कोवळा गहू.

"लागला होता," नेव्ह म्हणाला. डोळे मिटलेले.

"काय?"

"चेंडू. माझ्या बोटाला लागला होता. रेषेच्या आधी. म्हणजे गोल नाही. एक गुण."

"नाही लागला."

"तू बघितलंस का? तू मला बघत होतीस."

"मी दोन्ही बघत होते. चार बोटं अंतर होतं."

"मधलं बोट. नखाला. मला कळलं ना."

"नख काय बोलतं होय तुझ्याशी?"

"अकरा वर्षं मी ऐकतोय, ग्लेंडाच्या डोळ्यांतून माशी सुटत नाही. आज मारे दोनशे लोकांसमोर मला उघडा पाडलास, आणि वर पाच गुण फुकट दिलेस डनफील्डला."

"सत्तर गुणांनी मागे होता तुम्ही. पाचांनी काय फरक पडतो?"

"फरक कसा पडत नाही. गुण तो गुण."

मागून डॉट म्हणाली, "भांडू दे त्याला. भांडतोय ते बरं आहे."

ग्लेंडालाही ते कळलं होतं. तो बोलत होता तोवर तिचे हात स्टीअरिंगवर स्थिर होते. एकशे वीसवर काटा होता. तिने त्याला आणखी डिवचलं. लालकेश्याबद्दल, हॅनरहनच्या पुतण्याबद्दल. लालकेश्याबद्दल त्याने एक शिवी दिली. पुतण्याबद्दल नुसता हुंकार. धान्याची कोठारं मागे पडली. रेल्वेचं फाटक आलं, गेलं.

मग तो बोलेनासा झाला.

"नेव्ह."

काही नाही. त्याची हनुवटी छातीवर आली होती. ग्लेंडाचा पाय पेडलवर होता पण तिला तो आपला वाटेना. रस्ता दिसत होता आणि दिसत नव्हता. मागे पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला. यंत्रातून एका बाईचा शांत, रेकॉर्ड केलेला आवाज आला, रुग्णाच्या छातीवरचे कपडे काढा म्हणून.

"नेव्ह, लागला होता का? कुठल्या बोटाला? मधल्या ना?" ती ओरडत होती की पुटपुटत होती तिचं तिला कळत नव्हतं. "बोल ना. लागला असेल. मी नीट बघितलं नाही. ऐकतोयस का? लागला असेल म्हणतेय मी."

गाडीच्या इंजिनाचा आवाज तेवढा होता. डॉटने पुढे वाकून त्याच्या मानेवर दोन बोटं ठेवली होती. ती नाडी मोजत होती.

"खोटं बोलू नकोस," नेव्ह म्हणाला. डोळे न उघडता, अगदी हळू. "तुला जमत नाही."

ग्लेंडाला रडू आलं नाही. ते नंतर, कुठेतरी भलतीकडे यायचं होतं. डॉटने मागे टेकून श्वास सोडला, पण बोटं त्याच्या मानेवरून काढली नाहीत, आणि पेटीचं झाकणही लावलं नाही. उरलेले बारा किलोमीटर यंत्रातली ती बाई त्यांना मधूनमधून कपडे काढायला सांगत राहिली.

इस्पितळाच्या दारात चाकांची खाट तयार होती. त्याचे बूट काढताना परिचारिकेने मैदानाचा चिखल फरशीवर झटकला आणि कुणालाही न रागावता तो पायाने बाजूला सारला. जर्सी मधोमध कापली. तारा लावल्या. पडद्यावर हिरवी रेघ धावू लागली आणि ग्लेंडा त्या रेघेकडे अशी बघत राहिली जसं तिने कधी गुणफलकाकडेही बघितलं नव्हतं. रेघ मधेच एकदा अडखळली. तरुण डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, कागदावर काही लिहिलं, आणि म्हणाल्या, "झटका आलाय, आणि अजून पूर्ण थांबलेला नाही. औषध देतेय. याच्या पुढचं आमच्याकडे होत नाही. विमानाने शहरात पाठवावं लागेल, तासाभरात."

"म्हणजे बरा होईल?" ग्लेंडाने विचारलं.

"आत्ता तरी शुद्धीवर आहेत," बाई म्हणाल्या.

दारातून कुणीतरी सांगायला आलं की ती बाहेरची निळी गाडी रुग्णवाहिकेच्या जागेत आहे, ती काढायला हवी. ग्लेंडा किल्ली शोधत उठली. तिच्या बाहीला ओढ बसली. नेव्हने दोन बोटांत बाहीची कड धरली होती. एवढ्या वर्षांत त्याने तिला थांब असं कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच येऊ दिली नव्हती. तो हलत नव्हता, डोळे छताकडे होते. त्या डोळ्यांत काय आहे ते ग्लेंडाने ओळखलं, कारण दुपारपासून तेच तिच्या पोटात होतं. त्याच्या पोटात बुधवारपासून होतं, एकट्याच्या.

"मी आलेच, गाडी काढून."

"राहू दे ती," तो म्हणाला. "बस इथे."

ती बसली. डॉटने तिच्या दुसऱ्या हातातून किल्ली काढून घेतली आणि गाडी हलवायला बाहेर गेली.